डबीतली वीज रुसली तर…

मैत्रिणींनो, आपल्या लहानपणी वीज गेली की मेणबत्ती आणि काडेपेटीची शोधाशोध व्हायची. आता वीज गेली की आतल्या खोलीतून पहिली आरोळी येते ती "आई, नेट गेलं!" अशी. मुलांचा क्लास, यजमानांची मीटिंग, सासूबाईंचं परगावच्या लेकीशी चाललेलं बोलणं, सगळं त्या राउटरच्या दिव्याबरोबर विझतं. म्हणून हल्ली घरोघरी एक छोटी डबी आलेली दिसते. आत एक-दोन सेल असतात, मोबाइलच्या चार्जरने ती भरून ठेवायची आणि वीज गेली की तिच्यावर राउटर नाहीतर अभ्यासाचा छोटा दिवा चालवायचा. कोणाची बाजारातून आणलेली, कोणाची मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी जुळवलेली, तर कोणाची कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने करून दिलेली.

तशी आपल्या नवी मुंबईत विजेची फारशी तक्रार करू नये. पण १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतो ना? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशी सगळीकडची वीज एकदम गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, शाळा आणि ऑफिसं घरातूनच चाललेली, तीही बंद पडली. माझ्या ओळखीत तरी या डब्या त्यानंतरच दिसू लागल्या. आणि मोठा पाऊस सुरू झाला की अधूनमधून दिवे जातातच, ते वेगळं.

गंमत अशी की, ही डबी सहा-आठ महिने गुणी मुलासारखी चालते आणि मग एके दिवशी रुसते. लाल दिवा लागतो पण भरत नाही, किंवा भरलेली दिसते आणि पाच मिनिटांत मान टाकते, किंवा काहीच करत नाही. आपण म्हणतो, "बिघडली", आणि ती टीव्हीखालच्या खणात जाऊन पडते. तिथे तिला कोणी विचारत नाही. हे वाईट दोन्ही अर्थांनी. पुष्कळदा ती बिघडलेलीच नसते, सैल तारेपायी चार-पाचशे रुपये वाया जातात. आणि कधी कधी मात्र ती खरोखर धोक्याची झालेली असते आणि मुलांच्या वह्यांशेजारी खणात पडून राहते. यातलं कुठलं, हे आपलं आपल्याला ओळखता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

मी कलाशाखेची पदवीधर, एका शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण ऐरोलीला राहणारा माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. आमच्या इमारतीत पहिली डबी बंद पडली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तू कुकरची शिट्टी होत नाही तेव्हा काय करतेस? आधी रिंग बघतेस, मग शिट्टीचं भोक, मग झाकण. इथेही तसंच एकामागून एक बघायचं." तेव्हापासून शेजारपाजारच्या सात-आठ डब्या मी उघडून पाहिल्या आहेत. आणि अजून एकही पार्ट मला डोक्याने समजलेला नाही, फक्त क्रम पाठ झाला आहे.

आधी डबीत काय असतं ते पाहू. तीन वस्तू. पहिली सेल. बहुतेक डब्यांत घड्याळाच्या सेलहून जाडजूड असा गोल सेल असतो, त्याला दुकानात '१८६५०' म्हणतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. हा लिथियम-आयनचा. सोनी कंपनीने १९९१ साली असे सेल पहिल्यांदा बाजारात आणले आणि ज्या तिघा शास्त्रज्ञांच्या कामावर ते उभे राहिले त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतल्या गुडइनफ आजोबांचं वय तेव्हा ९७ होतं! काही डब्यांत गोल सेलऐवजी चंदेरी चपटी पिशवी असते, तीही त्याच जातीची.

दुसरी वस्तू म्हणजे सेल भरणारं नखाएवढं मॉड्यूल. त्यावरच्या आठ पायांच्या चिपचं नाव बहुधा टीपी ४०५६ असतं. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट घेऊन ते सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतं आणि थांबतं. भरत असताना लाल दिवा, भरलं की निळा किंवा हिरवा. तिसरी वस्तू बूस्टर, म्हणजे व्होल्ट वाढवणारं मॉड्यूल. सेलमध्ये जेमतेम पावणेचार व्होल्ट, राउटरला हवेत १२. तळच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायला सोसायटीत पंप असतो ना, तसा हा पंप. यावर एमटी ३६०८ नावाची इवलीशी चिप, एक तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि निळ्या ठोकळ्यावर पितळी स्क्रू असतो. स्क्रू फिरवला की व्होल्ट कमी-जास्त होतात. काही डब्यांत ही दोन्ही कामं एकाच मॉड्यूलवर असतात, त्यांना स्क्रू नसतो.

एक गोष्ट पंपासारखीच लक्षात ठेवायची. पंप पाणी वर चढवतो, पाणी तयार करत नाही. १२ व्होल्ट हवे असतील तर सेलमधून तिपटीहून अधिक करंट उपसला जाणार. पुढे याचा हिशेब येणार आहे.

आता हत्यारं. एक मल्टिमीटर हवा. साधा पिवळा, अडीचशे-तीनशे रुपयांत मिळतो. मिक्सरच्या जादा भांड्याहून स्वस्त, आणि घरात रिमोटच्या सेलपासून इस्त्रीच्या वायरीपर्यंत शंभर ठिकाणी उपयोगी पडतो. वापरायला सोपा आहे. काळी तार 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल तार 'व्ही' लिहिलेल्या भोकात, आणि मधली चकती एक सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ असलेल्या 'व्ही'च्या भागात '२०' वर. मग काळं टोक वजाच्या खुणेवर, लाल टोक अधिकच्या खुणेवर टेकवायचं आणि आकडा वाचायचा. लाल तार '१० ए' लिहिलेल्या तिसऱ्या भोकात घालून सेलला कधीही लावू नका. तसं केलं तर सेलची दोन टोकं थेट जोडल्यासारखी होतात आणि ठिणगी उडते. आणि हा सगळा खटाटोप डबीच्या आतल्या कमी व्होल्टपुरताच बरं का. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये किंवा चार्जरच्या पोटात आपण हात घालायचा नाही.

पण मीटर हातात घ्यायच्या आधी नाक, डोळे आणि तळहात. आपल्याला दूध नासलेलं वासावरून कळतं, तेच इथे. डबीचं झाकण फुगून वर आलं आहे का? चंदेरी पिशवी उशीसारखी टम्म झाली आहे का? गोल सेलला पोचा आहे का, वरचं रंगीत वेष्टण फाटलंय का, टोकाशी ओल दिसते का? नेलपॉलिशसारखा गोडसर, उग्र वास येतो का? काहीही न जोडता सेल गरम लागतो का? यातलं एक जरी उत्तर 'हो' आलं तर तपासणी तिथेच संपली. मीटर बाजूला ठेवायचा.

हे मी इतकं ठासून लिहिते त्याला कारण आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा अशीच डबी घेऊन आल्या. आतली पिशवी फुगून झाकणाचे खिळे उचलले गेले होते. दोन दिवस ती मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर चार्जिंगला लावलेली होती. "आत हवा धरलीय, टाचणीने जरा सोडू का?" असं त्या विचारत होत्या. कागदी लिंबात सुई टोचावी इतक्या सहजपणे! मैत्रिणींनो, ती हवा म्हणजे पेट घेणारा वायू असतो. टाचणी आत गेली की आतले दोन पडदे एकमेकांना भिडतात आणि सेल हातातच पेटू शकतो. अशी डबी चार्जरवरून काढायची, कपडे, कागद, पडदे यांच्यापासून लांब, गॅलरीतल्या फरशीवर कोरड्या मातीच्या कुंडीत नाहीतर रिकाम्या पत्र्याच्या डब्यात सावलीला ठेवायची, आणि मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. तिचं पुढे काय करायचं ते शेवटी सांगते. आणि ज्या पॉवर बँकेला स्क्रूच नाहीत, जी डिंकाने बंद केलेली आहे, ती सुरीने उघडायच्या भानगडीत पडू नका. सुरीचं टोक पिशवीत घुसणं म्हणजे टाचणीचाच प्रकार.

दिसायला सगळं ठीक असेल तर आता मीटर. चार ठिकाणी टेकवायचा आहे.

पहिलं ठिकाण, जिथे चार्जरची वीज आत येते. भरणाऱ्या मॉड्यूलवर 'इन' लिहिलेल्या अधिक-वजाच्या ठिपक्यांवर, चार्जर चालू असताना, ५ व्होल्टच्या जवळपास आकडा यायला हवा. पावणेपाच आला तरी चालेल. साडेचारच्याही खाली घसरत असेल तर डबीला दोष देऊ नका, केबल बदला. आपण घरातली सर्वात जुनी, मोबाइलला नको झालेली केबल या डबीच्या गळ्यात मारतो. तिच्या आतल्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि अर्धी वीज वाटेतच मुरते. आकडा शून्य आला तर केबल, चार्जर किंवा ते तोंड तुटलेलं. आणखी एक खोडी नव्या डब्यांत सापडते. तोंड चपटं, दोन्ही बाजूंनी लागणारं टाइप-सी असतं, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली तर डबी ढिम्म हलत नाही. काही स्वस्त मॉड्यूलवर त्यासाठी लागणारे दोन छोटे रोधक बसवलेलेच नसतात, त्यामुळे चार्जरला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही. एका बाजूला जुनं चौकोनी तोंड असलेली केबल लावा, बहुधा मुकाट्याने चालते.

दुसरं ठिकाण सेल. 'बी+' आणि 'बी−' या ठिपक्यांवर मोजा, मग प्रत्यक्ष सेलच्या दोन टोकांवर मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत. ४.२ म्हणजे पोट भरलेलं, ३.७ म्हणजे अर्धंमुर्धं, ३ म्हणजे उपाशी. सेलवर ३.९ आणि ठिपक्यांवर काहीच नाही, असं दिसलं की घराचं भांडण सापडलं. सेल बसवायच्या खोबणीतली स्प्रिंग गंजलेली असते किंवा तार सुटलेली असते. आपल्याकडे खाडीचा वारा आणि चार महिन्यांची दमट हवा, तांब्यावर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. सेल काढून जुन्या टूथब्रशवर औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन घासा आणि पूर्ण वाळू द्या. दिवेही हीच गोष्ट सांगतात. निळा दिवा लागलेला आणि लाल लुकलुकतोय, असं दिसलं तर मॉड्यूलला सेल सापडतच नाही, असं समजा.

सेल परत बसवताना अधिक-वजा दोनदा बघा. उलटा बसला तर भरणारी चिप त्याच क्षणी जळते आणि मग आपण उगाच केबल बदलत बसतो.

सेलवर दोन व्होल्टहूनही कमी आकडा आला तर? इथे मोबाइल दुरुस्तीवाले सांगतात, "ताई, झटका देऊन जिवंत करतो." नको म्हणा. महिनोन्‌महिने इतका रिकामा राहिलेला सेल आतून बिघडलेला असतो. तो भरला तरी पुढे कधीतरी तापतो. दीडशे-दोनशे रुपयांचा सेल, तो गेला असं समजायचं.

तिसरं ठिकाण भरणाऱ्या मॉड्यूलचं 'आउट'. पुष्कळदा असं होतं की, सेलवर ३.८ व्होल्ट आहेत आणि 'आउट'वर शून्य. घाबरू नका. याच मॉड्यूलवर एक राखणदार चिप असते. सेल फार रिकामा झाला, किंवा तारा एकमेकींना टेकल्या, तर ती दार लावून घेते. कधी कधी सेल काढून पुन्हा बसवला तरी दार बंदच राहतं. चार्जर लावा, मिनिटभर थांबा, दार उघडतं. आमच्या इमारतीतल्या सात-आठ डब्यांपैकी दोन नुसत्या एवढ्याने चालू झाल्या आणि माझी उगाचच ख्याती झाली!

या राखणदाराबद्दल एक पाहून ठेवा. मॉड्यूलवर तारा जोडायचे सहा ठिपके असतील – इन, बी, आउट यांचे दोन-दोन – तर राखणदार आहे. चारच असतील तर नाही. आणि सहा असूनही बूस्टरच्या तारा 'आउट'ऐवजी थेट 'बी'वर जोडलेल्या असतील, तर राखणदाराला दाराबाहेरच उभं केल्यासारखं झालं. बूस्टर मोठा अधाशी असतो, सेल दोन व्होल्टवर येईपर्यंत तो उपसत राहतो. सेल असे लवकर मरतात, आणि पुन्हा भरताना धोकाही असतो. घरी जुळवलेल्या डब्यांत मला हे दोनदा दिसलं. चार ठिपक्यांचं मॉड्यूल असेल तर ते बदलूनच घ्या. नवं पन्नास रुपयांच्या आत मिळतं, आणि ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे दादासाहेब भडकमकर मार्गाला, कधी जाणं झालं तर असल्या वस्तूंची दुकानंच दुकानं आहेत. सोल्डर करायचं काम माहितगाराकडून करून घ्या. सेलच्या अंगावर थेट गरम सोल्डर लावू देऊ नका, खोबणीत बसवलेला सेलच बरा.

चौथं ठिकाण बूस्टरचं 'आउट'. इथे राउटर काढून ठेवून मोजायचं, हे अगदी न विसरता. राउटरला १२ व्होल्ट हवे असतील तर १२च्या आसपास, मोबाइलचा दिवा असेल तर ५. 'इन'ला जेवढे व्होल्ट तेवढेच किंवा किंचित कमी 'आउट'ला येत असतील तर पंप फिरत नाही. तेव्हा छोट्या स्क्रूड्रायव्हरने तो पितळी स्क्रू हळूहळू फिरवा, डोळा मीटरच्या आकड्यावर. हा स्क्रू पुष्कळ वेढ्यांचा असतो. दहा-पंधरा वेढे आकडा हलतच नाही, आणि मग एकदम पळायला लागतो. एका बाजूला टोक गाठलं तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच सबुरीने. तरीही काही होत नसेल तर चिप गेली. उलट प्रकार अधिक महागात पडतो. नवं बूस्टर मॉड्यूल दुकानातून येतं तेव्हा त्याचा स्क्रू कुठेही असू शकतो, कधी २० व्होल्टच्याही वर. ते न मोजता जोडलं तर अडीच हजारांचा राउटर क्षणात जातो. आवाज नाही, धूर नाही, नुसता गप्प. व्होल्ट बरोबर जमले की त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, धक्क्याने हलत नाही.

बूस्टरच्या बाहेरच्या तारा एकमेकींना टेकू देऊ नका. त्या टेकल्या तर बूस्टरला मध्ये थांबवता येत नाही, सेलची वीज वेटोळ्यातून सरळ वाहते. अशा वेळी फक्त तो राखणदारच वाचवतो, असला तर.

आता असं समजा की, चारी ठिकाणी आकडे बरोबर आले. तरी डबी राउटर जोडला की पाच मिनिटांत मान टाकते. माझ्या मते हीच तक्रार सर्वात जास्त येते, आणि यात काहीही 'बिघडलेलं' नसतं. इथे वहीपेन्सिल घ्या, आपण वाण्याचा हिशेब करतो तसा हिशेब आहे. राउटर १२ व्होल्टवर पुष्कळदा अर्धा अँपिअर घेतो. बारा गुणिले अर्धा, झाले ६ वॅट. बूस्टर स्वतःची दलाली कापतो, तेव्हा सेलमधून सुमारे ७ वॅट जातात. आणि भरणारं मॉड्यूल आत किती घालतं? जास्तीत जास्त एक अँपिअर, पावणेचार व्होल्टला, म्हणजे पावणेचार वॅट. पगार पावणेचार आणि खर्च सात! चार्जर चोवीस तास लावलेला असला तरी सेल रोज रिकामाच होत जाणार. शिवाय हे मॉड्यूल 'भरलं' हे कशावरून ओळखतं, तर आत जाणारा करंट एक-दशांशावर आला की. राउटर सतत ओढत असेल तर ते कधीच तेवढं खाली येत नाही, लाल दिवा दिवसरात्र जळतो, सेल तापलेला राहतो.

तेव्हा अशी साधी डबी वीज असताना राउटरला जोडून ठेवायची नाही. ती वेगळी भरायची, भरली की चार्जरवरून काढायची, आणि वीज गेली की जोडायची. कायम जोडून ठेवायची असेल तर राउटरसाठीच मिळणारी वेगळी 'मिनी यूपीएस' घ्यावी. ती घेताना, वीज असताना राउटर थेट चार्जरवर आणि गेल्यावर सेलवर चालतो ना, एवढं विचारून घ्या. रिकामी ठेवायची तर डबीला बटण असावं. बूस्टर काही जोडलेलं नसतानाही थोडी थोडी वीज पीत असतो आणि महिन्याभरात सेल कोरडा करतो.

चालेल किती वेळ, तेही याच वहीत. खरा २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल म्हणजे सव्वानऊ वॅट-तास. त्याला सातने भागा, तास-सव्वातास. कोणी म्हणालं चार तास चालेल, तर आत किमान तीन-चार सेल हवेत. आणि भरायला एका सेलला तीन ते साडेतीन तास लागतात, शेवटचा भाग संथ भरतो.

'खरा' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. बाजारात सेलवर ९९०० वगैरे आकडे छापलेले असतात. या मापाचा चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो, त्यामुळे ९९०० दिसलं की उचलूच नका. स्वयंपाकघरातला काटा आहे ना, त्यावर सेल ठेवून बघा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो. तीस-पस्तीस भरला तर आत पोकळ मामला आहे. केकसाठी आणलेल्या काट्याचा हा उपयोग माझ्या भाच्यालाही सुचला नव्हता! आणखी एक परीक्षा म्हणजे राउटर चालू असताना सेलच्या टोकांवर मोजणं. मघाशी ३.९ दाखवणारा सेल एकदम ३.१ वर आला तर तो म्हातारा झाला. किंचित उतरला, ३.७ वगैरे, तर ठीक.

हे बायकांनी करायचं काम आहे का, असं कोणी विचारेलच. आमच्याकडे सुरुवातीला, "त्यापेक्षा नवी घेऊ की," असं उत्तर मिळायचं. पण पलीकडे पवईला आयआयटीने 'सोल' नावाची सौर दिव्यांची योजना काढली. शाळेत जाणाऱ्या मुलांना अभ्यासाचे दिवे द्यायचे, आणि ते शहरात जोडून पाठवायचे नाहीत, त्या-त्या भागातल्या माणसांना शिकवून तिथेच जोडायचे आणि तिथेच दुरुस्त करायचे. पहिल्या मोठ्या फेरीत दहा लाख दिव्यांचा बेत होता, चार राज्यांत, त्यांत आपला महाराष्ट्रही. पुढे बचतगटांतल्या गावच्या बायकांनी हे जोडणीचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांच्या दिव्यातही सेल, तो भरणारी आणि सांभाळणारी इवलीशी सर्किटं, हाच प्रकार. त्यांना जमलं, तर रोज चार बर्नरची शेगडी उघडून धुणाऱ्या आपल्याला का जमू नये?

ठेवण्याच्या जागेबद्दल थोडं. भरताना ते मॉड्यूल चांगलंच तापतं, बोट टेकवत नाही इतकं. सुरुवातीला जवळजवळ सव्वा वॅट नुसती उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ते त्याच्या जातीचंच लक्षण आहे. म्हणून सेल आणि ते मॉड्यूल एकमेकांना चिकटलेले नसावेत, डबीला भोकं असावीत. भरताना डबी फरशीवर किंवा ओट्याच्या दगडावर ठेवा, तीही शेगडीपासून लांब. गादी, उशी, सोफा, मुलांचं दप्तर, देवघरातला समईशेजारचा कोपरा, फ्रिजच्या माथ्यावरचा रुमाल, या जागा टाळा. सगळे झोपायला गेल्यावर भरायला लावू नका. संध्याकाळी स्वयंपाक करताना लावली तर आपला डोळा असतो.

आता ती फुगलेली किंवा मेलेली डबी. ती ओल्या कचऱ्यातही नाही आणि सुक्यातही नाही. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, आणि दाबलेला सेल पेटतो. ती गाडी हाताने रिकामी करणारी माणसं असतात, हे विसरू नये. २०२२ साली आलेल्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत, वापरलेले सेल परत घेऊन त्यांची नीट वासलात लावायची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यांवर टाकली आहे, आणि सेलवर काट मारलेल्या कचराडब्याचं चित्र असतं ते त्याचसाठी. तेव्हा मोबाइल किंवा विजेच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानात ई-कचऱ्याची पेटी असते का, ते विचारा. सोसायटीतही ई-कचरा गोळा करणारे येतात, तेव्हा सेक्रेटरींना तारीख विचारून ठेवा. देण्याआधी सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे किल्लीला किंवा दुसऱ्या सेलला टेकणार नाहीत. फुगलेला असेल तर इतरांबरोबर पिशवीत न टाकता वेगळ्या डब्यात, कोरड्या वाळूत ठेवून, हातात द्या आणि तोंडाने सांगा, "हा फुगलेला आहे, दाबू नका." आमच्या वरच्या वहिनींची डबी अशीच, कुंडीतल्या मातीसकट, पुढच्या रविवारी गेली.